आजाराचा रकाना

कापसाचा पुंजका ज्वारीच्या दाण्याहून मोठा नव्हता. तो एका पांढऱ्या दोऱ्याला बांधलेला होता आणि दोऱ्याचं दुसरं टोक गोपाळरावांच्या चिमटीत होतं. पुष्पलताच्या नाकापासून आठ बोटांवर त्यांनी तो धरला आणि तिला सावकाश श्वास सोडायला सांगितलं. पुंजका आधी थरथरला, मग तिच्यापासून दीड बोट दूर सरकला, तिथे जरा वेळ अडकल्यासारखा राहिला आणि हळूहळू परत दोऱ्याखाली सरळ आला. गोपाळराव मनातल्या मनात आकडे मोजत होते. पुष्पलताही मोजत होती. दोघांचेही सात आले.

“चांगला लांब आहे श्वास,” गोपाळराव म्हणाले.

त्या सातातले निदान तीन आकडे पहाटे साडेचारला घेतलेल्या गोळीचे होते. ही गोष्ट हॉलमध्ये दोघींनाच ठाऊक होती: पुष्पलताला, आणि तिच्या मागे भिंतीशी पदर सावरत उभ्या असलेल्या तिच्या आईला, मैनाबाईंना. पुष्पलता विज्ञान महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करायची. आकडा आधी ठरवून मग प्रयोग करणारी मुलं तिला लांबून ओळखू यायची. त्यांच्या वहीचं पान ती शांतपणे परत करायची आणि प्रयोग पहिल्यापासून मांडायला लावायची. आज तिनं स्वतःच तसलं पान दिलं होतं.

गोपाळराव रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर नंदनवन वस्तीतल्या शाळेचा हॉल मागून घेऊन ते पहाटे साडेपाचला योगाचा वर्ग चालवत. फी नव्हती. आपली सतरंजी आपण आणायची आणि वेळेवर यायचं. पाच पस्तीसला आलेल्याला ते “गाडी गेली” एवढंच सांगत आणि दार लोटून घेत. दुसरा नियम वहीचा होता. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय आणि काम एका लांबट वहीत लिहिलं जाई, आणि शेवटचा रकाना असे आजाराचा. आसनं सगळ्यांना सारखी नसत. कंबरदुखीवाल्यांची रांग खिडकीशी, पोटाच्या तक्रारींची मधे, मधुमेहवाल्यांची दाराकडे. कोणी कुठे सतरंजी टाकायची आणि काय करायचं, ते त्या रकान्यावरून ठरे.

“आजार?” त्यांनी पेन उचललं.

पुष्पलतानं तोंड उघडायच्या आत मैनाबाई पुढे झाल्या. “आजार नाही जी काही. लग्न आहे पोरीचं, अक्षय तृतीयेले. अंग जरा मोकळं व्हावं, मन शांत राहावं, म्हणून आणलं.”

गोपाळरावांनी चष्म्यावरून एकदा आईकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि रकान्यात शब्द लिहिला: लग्न.

“माघ लागला का हा आजार वाढते,” ते म्हणाले. “तुमची पोरगी चौथी केस. ज्येष्ठ लागेस्तोवर साऱ्या बऱ्या होतात, मग एकही येऊन पाहत नाही.”

हॉलभर हसू पसरलं. मैनाबाईही हसल्या, सुटका झाल्यासारख्या.

हे साल अठ्ठ्याहत्तर होतं आणि पुष्पलता चोवीस वर्षांची होती. तिचं घर विणकरांचं. वडील जागेश्वर, त्यांचे वडील, त्यांचेही वडील, सगळे हातमागावर बसलेले. जुन्या वस्तीतल्या ज्या गल्लीत ती जन्मली, तिथे उजाडल्यापासून घराघरात मागावर इकडून तिकडे धावणारे धोटे खटखटत आणि हवेत सुताची बारीक तूस तरंगत राही. ऊन तिरपं आलं की ती दिसे, एरवी नुसती श्वासात जाई. पुष्पलता अकरा वर्षांची असताना तिला पहिल्यांदा धाप लागली. वर्षभर काढे झाले, अंगारे झाले. शेवटी एका डॉक्टरांनी घरी येऊन माग पाहिला, छतावरची तूस पाहिली आणि सांगितलं, पोरीला या हवेतून काढा. जागेश्वर दोन महिने मागावर बसत राहिले. मग एके दिवशी त्यांनी माग मोडून विकला, गावाच्या कडेला नंदनवनात दोन खोल्या बांधल्या आणि एका शाळेत शिपायाची नोकरी धरली. धोटा हातात घेऊन वाढलेला माणूस शाळेची घंटा वाजवू लागला. त्याबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत. ते बोलले असते तर पुष्पलताला कमी जड गेलं असतं.

नव्या घरात दमा बराच उतरला, पण गेला नाही. धूळ, धूर, थंडी, भीती, यांतलं काहीही त्याला पुरे. दोन स्थळं आली आणि आजार कळल्यावर चहा अर्धा टाकून उठून गेली. तिसऱ्या वेळी मामानं, बळीरामनं, सूत्रं आपल्या हाती घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं म्हणणं. एकदा लग्न झालं, लेकरू झालं, का दमा आपोआप बसते; आपल्या आत्याचा बसला नव्हता का? आत्या बाळंतपणातच गेली होती, त्यामुळे दमा बसला की काय झालं हे कोणाला सांगता आलं नसतं, पण मामाला उलट बोलायची घरात पद्धत नव्हती.

स्थळ उमरेडचं होतं. मुलगा ईश्वरदास वीज मंडळात कारकून, बोलायला शांत, डोळ्याला डोळा देऊन ऐकणारा. वडील वारलेले; घरात आई प्रयागबाई, आणि घराच्या पुढच्या खोलीत मजुरीच्या विणकरांकडून अजून चालते ठेवलेले दोन माग. पाहायला आल्या तेव्हा प्रयागबाईंनी मुलीची पदवी ऐकली, नोकरी ऐकली, आणि एकच प्रश्न विचारला: “कांड्या भरता येतात न वं तुले?”

कांड्या भरणं म्हणजे रहाट फिरवून धोट्यात बसणाऱ्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळणं. विणकराच्या घरात विणतो पुरुष आणि कांड्या भरते बाई, सूर्य वर येण्यापासून दिवा लागेपर्यंत, फिरत्या सुतापाशी तोंड नेऊन.

“विणकराची पोर आहे, विहीणबाई,” मैनाबाई म्हणाल्या होत्या. “पोटातूनच शिकून आली.”

पुष्पलता काही बोलली नाही. त्या न बोलण्याला आता तीन महिने होत आले होते.

साखरपुड्यानंतर ईश्वरदासचं पत्र आलं. त्यात इकडचं तिकडचं फारसं नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, की मंडळाची चार क्वार्टरं रिकामी होणार आहेत आणि लग्न ठरलेल्या कर्मचाऱ्याला अर्ज करता येतो. आईची इच्छा सुनेनं घरीच राहावं अशी आहे. आपलं स्वतःचं काही अडलेलं नाही. पण तुमची राहणी वेगळी असेल, म्हणून विचारतो. अर्ज करू की नको? मार्चअखेरची मुदत आहे.

‘करा’ असं एका शब्दाचं उत्तर द्यायचं, तर ‘का’ हा प्रश्न मागोमाग येणार होता. पुष्पलता दर रविवारी आंतर्देशीय पत्र समोर घेऊन बसे, ठरवे की आज लिहायचं, आणि प्रात्यक्षिक परीक्षांच्या तारखा लिहून पत्र बंद करी.

योगाची कल्पना मैनाबाईंची. त्यांना मांडवातल्या होमाच्या धुराची धास्ती होती. शंभर माणसांसमोर पोरीच्या छातीतून शिट्टी वाजली तर झाकली मूठ तिथंच उघडायची. म्हणून रोज साडेचारला गोळी, साडेपाचला वर्ग.

लग्नवाल्या मुलींची रांग गोपाळरावांनी हॉलच्या मधोमध ठेवली होती. त्यांच्यासाठी बारा सूर्यनमस्कार, पाठीची आणि पोटाची आसनं, वेगाचं कपालभाती, आणि शेवटी भस्त्रिका, म्हणजे लोहाराच्या भात्यासारखा भसाभस श्वास. पुष्पलताच्या शेजारी सुमती नावाची एक गोलमटोल, हसरी मुलगी असे. तिचा होणारा नवरा काडीसारखा बारीक होता. “अर्धी मी इथंच सोडून जाणार आहे,” ती सतरंजी झटकत म्हणे. “तुले लागत असन तर घेऊन जा वं, तुह्या अंगावर तर काहीच नाही.”

आठ दिवस पुष्पलतानं सगळं केलं. गोळीनं हात थरथरत, नाडी नव्वदच्या वर जाई, आणि शवासनात सगळा हॉल विझल्यासारखा शांत झाला तरी तिचं काळीज कानाशी वाजत राही. विसावा म्हणतात तो तिला एक दिवसही मिळाला नाही.

नवव्या दिवशी तिनं गोळी घेतली नाही. विसरली नव्हती, आईला घेतल्याचं दाखवून ती पदराच्या गाठीत ठेवली होती. तिला खरा आकडा पाहायचा होता.

सूर्यनमस्कार सहा झाले. सातव्याला तिला वाटलं, कोणीतरी छातीभोवती ओला टॉवेल पिळून बांधतंय. तरी ती थांबली नाही. भस्त्रिकेच्या विसाव्या-बाविसाव्या झटक्याला श्वास आत गेला आणि बाहेर यायची वाट विसरला. शेजारी सुमतीनं हात धरला, कोणीतरी तिला आडवं करा म्हणालं, कोणी पाणी आणायला धावलं.

“आडवं करू नका,” गोपाळराव म्हणाले. त्यांनी तिला बाकावर बसवलं, पुढे वाकवून कोपरं गुडघ्यांवर टेकवली आणि आपण समोर उकिडवे बसले. “घ्यायची घाई करू नको. फक्त सोड. ओठ चंबूसारखे कर, अन् सोड. घेणं आपोआप होते.”

तिनं पदराची गाठ सोडून गोळी गिळली. वीस मिनिटं गेली. रांगा थांबल्या होत्या.

“किती वर्षं झाली?” त्यांनी विचारलं.

बोलण्याइतका श्वास अजून नव्हता. तिनं दहा बोटं दाखवली, मग तीन.

“तेरा. आणि मी तुले भस्त्रिका करवून राहिलो.” “बेटा, गाडीचा ब्रेक खराब आहे हे मले कोणी सांगितलंच नाही, तर मी हिरवी झेंडी दाखवतोच. मग अपघात झाला तर चूक कोणाची?”

“माझी,” पुष्पलता म्हणाली. तेवढ्या एका शब्दाला श्वास पुरला.

“तुह्या एकटीची नाही. झेंडी माझ्या हातात होती.”

त्यांनी वही आणली, तिचं नाव काढलं, आजाराच्या रकान्यातल्या ‘लग्न’वर एक सरळ रेघ ओढली आणि खाली लिहिलं: दमा.

सुमती मागून डोकावत होती. “म्हणजे हिचं लग्न बरं झालं म्हणायचं का, सर?”

कोणाला हसावं की नाही ते कळेना. हसली ती पुष्पलताच, आणि हसता हसता खोकली, आणि पुन्हा हसली. तेरा वर्षांत पहिल्यांदा तिचा आजार चारचौघांत उच्चारला गेला होता. हॉलमध्ये चाळीस माणसं होती. कोणी आपली सतरंजी दूर ओढली नाही. मधुमेहाच्या रांगेतल्या एका आजोबांनी फक्त एवढं विचारलं, की पोरी, घरी कोणी नेऊन सोडायला हवं का.

घरी मात्र आभाळ फाटलं. चाळीस माणसं, मैनाबाई म्हणाल्या, आणि उमरेडपर्यंत जायले एक एसटी पुरते. मामाला बोलावणं गेलं. मामानं वर्ग बंद करायला सांगितलं. तेव्हा जागेश्वर, जे अशा बैठकीत कधी बोलत नसत, ते दारातून म्हणाले की वर्ग बंद होणार नाही, आणि शाळेची घंटा द्यायला निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून पुष्पलताची सतरंजी कंबरदुखीवाल्यांच्या रांगेत, खिडकीशी गेली. गोपाळरावांनी सगळ्यांत आधी तिला डॉक्टरकडे पाठवलं. त्यांना विचारल्याशिवाय गोळी कमी करायची नाही, असं बजावलं. मग भस्त्रिका काढली, सूर्यनमस्कार काढले. पालथं पडून मकरासन, खांदे आणि बरगड्या सैल करणारे साधे ताण, आणि श्वास: चार आकड्यांत घ्यायचा, जमेल तितक्या सावकाश सोडायचा. गंमत अशी, ते म्हणाले, की दमेकऱ्याला वाटते हवा मिळून नाही राहिली. खरं तर जुनी हवा जाऊनच नाही राहिली. खोली रिकामी झाल्याशिवाय नवीन पाहुणा बसवायचा कुठं?

हे तिला पटलं, कारण हे मोजता येत होतं. तिनं घरच्या खिडकीच्या गजाला आपला एक पुंजका टांगला आणि वही घातली. तारीख, सकाळची नाडी, श्वास सोडायचे सेकंद, गोळ्या. पहिल्या ओळीत गोळीशिवाय सेकंद होते चार. आठवडाभर चारच राहिले आणि तिनं ते चारच लिहिले. मग पाच. एका सकाळी, शाळेच्या मैदानात झाडणाऱ्या बाईनं धुरळा उडवला, तेव्हा परत तीन. मार्च लागला तशी थंडी सरली आणि आकडे चढू लागले: सात, आठ, एकदा नऊ. डॉक्टरांनी रोजची गोळी काढून लागेल तशी ठेवली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वहीत बारा सेकंद होते, नाडी बहात्तर, आणि गोळ्या आठवड्याला दोन.

आकड्यांत न बसणाऱ्याही गोष्टी घडत होत्या. शिंपिणीनं लग्नाच्या पोलक्याचं माप पुन्हा घेतलं आणि म्हणाली, बाई, तुमचे खांदे खाली उतरले, मान लांब झाली. खांदे इतकी वर्षं कानाशी चढवून ठेवले होते हे पुष्पलताला तेव्हा कळलं. शवासनात आता तिला झोप लागे. गोपाळराव तिला उठवत नसत. गाडी यार्डात उभी आहे, राहू द्या, म्हणत.

सगळ्यांत जास्त सुटल्या मैनाबाई. त्यांच्या चेहऱ्यावर असं ऊन पुष्पलतानं कधी पाहिलं नव्हतं. “आता सांगायची गरजच काय?” त्या म्हणाल्या. “आहेच कुठं दमा?”

आणि नेमकी तिथंच पुष्पलता अडली. इतके दिवस आजार उघडा पडेल ही भीती होती, आणि त्या भीतीतून का होईना, कधीतरी सांगावं लागेलच याची खात्री होती. आता तिला लपवता येत होतं. सांगायला कोणी भाग पाडणार नव्हतं.

बस्ता बांधायचा दिवस एकोणतीस मार्चचा निघाला. लग्नाची कापडं दोन्ही घरांनी मिळून घ्यायची, म्हणून उमरेडची मंडळी सकाळच्या एसटीनं आली आणि सगळे सीताबर्डीच्या बाजारात एका मोठ्या कापडदुकानात जमले. दुकान वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना ईश्वरदास दोन पायऱ्या मागे राहिला आणि पुष्पलताच्या बरोबरीनं आला.

“अर्जाले दोन दिवस उरले,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाही. राग नाही माझा. नको असन तर नको म्हणा, तेही चालते. फक्त कळू द्या.”

“आज सांगते,” ती म्हणाली.

म्हणाली खरी, पण वर गेल्यावर गादीवर दोन्हीकडची मंडळी बसली, मामानं पानाचा डबा उघडला, आणि सांगायचं कुठं, कसं, हे काही दिसेना.

दुकानदाराच्या माणसांनी गठ्ठे फोडायला सुरुवात केली. साड्या, धोतरं, आहेराची पातळं, पोलक्यांचे तुकडे, एकामागून एक उलगडून फटकन झटकले जात आणि ढीग वाढत जाई. रस्त्याकडच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आला होता आणि त्या पट्ट्यात तूस तरंगत होती. तीच. तेरा वर्षांपूर्वीची, गल्लीतली. पुष्पलतानं ती पाहिली आणि पाठोपाठ छातीभोवती टॉवेलचा पहिला पीळ पडला.

तिनं पाठ सरळ केली. खांदे सोडले. चार आकडे घेतले आणि ओठ किंचित उघडून सोडत गेली, हातातल्या साडीचा काठ निरखत असल्यासारखी. सात. पुन्हा. आठ. समोरून मैनाबाईंची नजर तिच्यावर खिळली होती. त्यांचा हात पिशवीत, गोळीच्या डबीवर गेला होता. पुन्हा. नऊ. पीळ सुटला नाही, पण घट्टही झाला नाही. कोणाला काही कळलं नव्हतं. मैनाबाईंचा हात रिकामाच बाहेर आला आणि त्या हसल्या. परीक्षेत पोरीचा पहिला नंबर आल्यावर हसल्या होत्या, तशा.

पुष्पलतानं ते हसू पाहिलं आणि मनातल्या मनात साधा हिशोब केला. हे दुकान एक तासाचं होतं. उमरेडचं घर दिवसाच्या चोवीस तासांचं, आणि वर्षं किती ते ठाऊक नव्हतं. नऊ आकडे इथे पुरत होते.

तेवढ्यात प्रयागबाई तिच्याजवळ सरकून बसल्या. हिरवी साडी त्यांनी तिच्या खांद्यावर टाकून पाहिली आणि पसंत केली. मग तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “तुह्यासाठी एक चीज करून ठेवली मी. नवा रहाट. सागवानाचा. सुताराले घरी बसवून करून घेतला. माझा जुना माझ्या सासूचा होता, करकर करते. म्हटलं, शिकलेली सून येऊन राहिली, तिले जुन्यावर कायले बसवायचं.”

त्या मनापासून बोलत होत्या. मैनाबाई घाईनं म्हणाल्या, “नशीबवान आहे पोर.”

“मलेही आता सुटका पाहिजे,” प्रयागबाई पुढे म्हणाल्या. “रहाटावर बसवत नाही. हा एवढा जिना चढली तर पाह्य, अजून...”

वाक्य अर्धं राहिलं, कारण त्या श्वास घ्यायला थांबल्या. त्यांचं डोकं पुष्पलताच्या खांद्याजवळ होतं. दुकानात इतका गलबला होता, की दुसऱ्या कोणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. पुष्पलताला ऐकू आलं. श्वास सोडताना तीन आकडे, आणि तिसऱ्याच्या शेवटाला एक बारीक शिट्टी. सवयीनं तिनं पुढचाही मोजला. तीन.

“हे कधीपासून होते, आत्याबाई?”

“काय होते?”

“धाप.”

“वयाचं आहे ते,” प्रयागबाई म्हणाल्या. “आमच्याकडे साऱ्यांलेच होते. याच्या बाबालेही होती. चाळिशी उलटली का सुरू होते, त्यात काय.”

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, जणू केस पिकल्याचं सांगावं. त्यांच्या घरात त्या गोष्टीला नाव नव्हतं, म्हणून ती आजार नव्हती. वहीच नव्हती, रकाना कुठून असणार? पुष्पलताला गोपाळरावांची सरळ रेघ आठवली आणि त्याखालचा तो लहानसा शब्द. तो लिहिला गेला त्या दिवसानंतरच तिला शवासनात झोप लागू लागली होती. श्वास तर नंतर लांबला.

तिनं खांद्यावरची हिरवी साडी खाली ठेवली. समोर मैनाबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. त्यांच्या पलीकडे भिंतीला टेकून जागेश्वर बसले होते. मघाशी उलगडलेल्या एका हातमागाच्या साडीचं पोत ते दोन बोटांत धरून पाहत होते, आणि आता त्यांची बोटं थांबली होती. ते लेकीकडे पाहत होते. त्यांनी मान हलवली नाही.

उन्हाच्या पट्ट्यात तूस खालीवर होत होती. तिनं श्वास घेतला, चार आकडे, आणि सोडू लागली. या वेळी ती मोजत नव्हती. खांदे आपोआप खाली आले, पोट सैल झालं, आणि छातीतला पीळ, दुकानात आल्यापासूनचा, की त्याही आधीचा, एकेक वळसा करून उलगडत गेला. इतकं हलकं तिला शवासनातही वाटलं नव्हतं. अजून तर ती काही बोललीही नव्हती. प्रयागबाईंचा हात तिनं सोडला नाही. तो तसाच धरून तिनं मान वळवली आणि ढिगाच्या पलीकडे बसलेल्या ईश्वरदासला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात, सांगितलं:

“क्वार्टरचा अर्ज करा. मले दमा आहे, अकरा वर्षांची होती तेव्हापासून, आणि मागाच्या घरात मी राहू शकत नाही.”